देवमनकाकांकडे आलेलं एक पिवळं पान

पातूरच्या आमच्या गल्लीत कोणी हातात पिवळं पान धरून शिरला, की त्याला पत्ता विचारावा लागत नाही. पानटपरीवाला मान न उचलता बोट दाखवतो आणि ते बोट देवमन तायडे यांच्या ओट्याकडे असतं. काका कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले. पण ही गोष्ट शेतकऱ्यांनी मनावर घेतली नाही आणि काकांनी तर मुळीच घेतली नाही. ऑफिस सुटलं, एवढाच काय तो फरक. पूर्वी ते खुर्चीवर बसून पान बघायचे, आता ओट्यावर बसून बघतात.

माझं घर समोर. मी ब्लाउज शिवते. शिलाई मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीतून काकांचा ओटा दिसतो, ऐकूही येतो. त्यामुळे काज-बटण करता करता मला या भागातली सगळी रोगराई पाठ झाली. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान लाल कशानं पडतं, संत्र्याच्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा का होतो, सगळं सांगू शकते. ब्लाउजच्या धंद्यात त्याचा काही उपयोग नाही.

काकांची पान बघायची एक रीत आहे. पान पुढे केलं तरी ते लगेच हातात घेत नाहीत. आधी विचारतात, "वरचं का खालचं?" म्हणजे शेंड्याचं की बुडाचं. मग विचारतात, "पानी कोन देते?" किती देता असं नाही, कोण देतं. समोरचा म्हणतो, मीच देतो. की लगेच पुढचा प्रश्न येतो, "आनखी कोन?"

हा 'आनखी कोन' फार खोल जातो. नांदगाव खंडेश्वरहून एक गृहस्थ लिंबाचं पान घेऊन आले होते. औषधं फवारून दमले होते. काकांनी 'आनखी कोन' एवढंच लावून धरलं. तेव्हा निघालं, की सकाळी म्हातारे वडील बादली ओततात, दुपारी सून भांड्याचं पाणी टाकते आणि संध्याकाळी हे स्वतः नळी लावून बसतात. कोणी कोणाला सांगत नाही, कारण घरात अबोला आहे. काका म्हणाले, "झाडाले रोग नाही. झाडाले नातेवाईक जास्त झाले." गृहस्थ लाजले, पण पटलं त्यांना. जाताना हात जोडून गेले.

एकदा तर तुरीच्या पानावरून काकांनी सांगितलं, की या वावराची वाटणी झाली आहे आणि धाकट्याला शेणखत मिळालेलं नाही. तो माणूस धाकटाच होता. ओट्यावरच रडायला लागला. पानावरून घर कळतं, असा काकांचा दावा आहे आणि तो खोटा आहे असं मला म्हणता येत नाही. फक्त परक्याच्या घराचंच पान त्यांच्या हातात येतं, एवढीच अडचण.

माणूस सरळ. इतका सरळ की त्रास व्हावा. नोकरीत असताना कोणी आंब्याची पेटी आणून ठेवली होती, ती परत केली. पण तोवर धाकट्या लेकीने, प्रियदर्शनीने, त्यातला एक आंबा खाल्ला होता, तर बाजारातून तसाच आंबा विकत आणून पेटीत भरला आणि मग परत केली. सख्ख्या साळ्याने तारेवर आकडा टाकून वीज घेतली, तेव्हा यांनी वीज ऑफिसात जाऊन कळवलं. साळा अजून घरी येत नाही. काका म्हणतात, "तो येत नाही, कारन त्याले आता बिल येते."

आता केशरकाकू, म्हणजे काकांची बायको. त्यांच्याबद्दल सांगायला मला इतका वेळ लागला, कारण ओट्यावरून बघितलं तर त्या दिसतच नाहीत. दिसतो तो चहा. दारातून एक हात येतो, ट्रे ठेवतो आणि आत जातो. काका पाहुण्यांना "घ्या" म्हणतात. हात कोणाचा, ते बघत नाहीत. मला याचा राग येतो. आधी यायचा, आता येत नाही, असं काही नाही, अजून येतो. मुलगा धम्मदीप पुण्याला, प्रियदर्शनी नागपूरला नर्स. पोरांचा फोन आला की काका पावसाचं विचारतात, मग फोन काकूंकडे देतात आणि नेमकं तेव्हाच तिकडे कोणीतरी बोलावतं.

काकूंचे गुडघे गेले होते. रविवारी विहारात वंदनेला सगळ्या बाया खाली बसायच्या आणि काकूंना मागे प्लास्टिकची खुर्ची द्यायचे. ती खुर्ची त्यांच्या फार मनाला लागली होती. "साऱ्या खाली आन मीच वरी. पाहुनी आल्यासारखं वाटते," म्हणायच्या. डॉक्टर झाले, मलम झालं, पट्टा झाला. मग तेल्हाऱ्याची मावसबहीण पौर्णिमा आली आणि तिने तेल सांगितलं. तिळाच्या तेलात एक पाला उकळायचा आणि चोळायचं. या तेलानं गुण येतो असं मी म्हणत नाही. पौर्णिमाबाई स्वतः उठताना त्यांचेच दोन्ही गुडघे दारासारखे वाजतात. पण बहिणीचं मन बहिणीला मोडवत नाही. पुढच्या खेपेला तिने मेथीच्या जुडीखाली दडवून एक रोप एसटीतून आणलं.

मला ते कळलं ते पापडामुळे. काकूंनी पापड खाली आणायला मला गच्चीवर बोलावलं. पाण्याच्या टाकीमागे रंगाची रिकामी बादली होती आणि बादलीत झाड होतं. मी बघितलं आणि म्हणाले,

"काकू, हा गांजा हाय."

"हयू बोल. झेंडू मन," काकू कुजबुजल्या.

"झेंडू असा नसते."

"मले मालूम हाय कसा असते. तू झेंडू मन."

सरकारी कायद्यात एक झाड काय आणि एक एकर काय, गुन्हा तो गुन्हाच. मी म्हटलं, काकाजींना कळलं तर? काकू पापड मोजल्यासारखं करत राहिल्या. मग म्हणाल्या, "उपटतीन. आन उपटून सोताच ठान्यात नेऊन देतीन. मलेही नेतीन संग, सही कराले."

यात विनोद काही नव्हता. काकांना ओळखणारा कोणीही हेच म्हणाला असता. पण मी हसले आणि काकू हसल्या नाहीत. त्या झाडाच्या शेजारी पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसल्या आणि पानावरची धूळ पदराने पुसायला लागल्या. तेव्हा मला समजलं, की हे तेलापुरतं राहिलेलं नाही. झाड गेलं तर काकूंचं काहीतरी जाणार होतं आणि ते गुडघ्यापेक्षा मोठं होतं.

आणि झाड चाललंच होतं. खालची पानं पिवळी, वरची मलूल. काकू दिवसातून कितीदा तरी गच्चीचा जिना चढायच्या, धाप टाकत, कठडा धरून. ज्या गुडघ्यांसाठी झाड लावलं, ते गुडघे झाडाकडे जाता-येता आणखी कामातून गेले. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग काय झाडानं खाली यावं?"

म्हणजे बघा. आख्ख्या तालुक्यात पिवळ्या पानाचा एकच डॉक्टर, तो यांचा नवरा, तो खाली ओट्यावर फुकट बसलेला. आणि त्यालाच विचारायची सोय नाही. शेवटी काकूंनी एक पान खुडलं, माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुह्या मावशीचं म्हून दाखव."

मला मावशी नाही. पण मी गेले.

काकांनी पान लगेच घेतलं नाही. "वरचं का खालचं?"

"खालचं."

"कायचं हाय?"

"झेंडू. माझ्या मावशीनं लावला."

मग त्यांनी पान घेतलं. तळव्यावर ठेवलं, उलटं केलं, दोन बोटांत चुरगळून हुंगलं. चष्मा काढला, पुसला, लावला. मी मनात ठाण्याची पायरी चढून आले.

"तुह्या मावशीले मना," काका म्हणाले, "झेंडू उपटून फेक. आजच्या आज. हे झाड घरी ठेवाचं नसते."

"बरं," मी म्हटलं आणि उठले.

"थांब. भांडं कायचं हाय?"

हे मला अपेक्षित नव्हतं. "आता उपटायचंच आहे ना, काकाजी?"

"उपटाचंच हाय. पन पिवळं काहून पडलं ते मालूम नोको का पडाले?" ते जरा चिडूनच बोलले. "भांडं?"

"रंगाची बादली."

"बुडाले भोक हाय?"

मी विचारून सांगते म्हटलं. काकूंकडे गेले. काकू म्हणाल्या, भोक नाही. का नाही? "भोक पाडलं तं पानी गच्चीवरून खाली ओट्यावर गयते. यायच्या डोक्शावर." म्हणजे काकांच्या.

दुसऱ्या दिवशी मी काकांना म्हटलं, भोक नाही, मावशीला पाणी वाहिलेलं नको आहे. काकांनी डोळे बारीक केले. "पानी वायलेलं कोनाले तरी दिसते, म्हून नोको हाय. तुही मावशी घरच्यापासून दडवून राहिली." आणि लगेच, त्याच दमात, "उपटलं का नाही अजून?"

"उपटणार आहे."

"हाव, उपटलंच पायजे. पानी कोन देते?"

"मावशीच."

"आनखी कोन?"

"कोणी नाही."

"दिवसातून किती बार?"

हेही विचारायला गेले. काकू घमेल्यावर बसल्या होत्या. "वरी आली का देतो," म्हणाल्या. "रिकाम्या हातानं कशी येऊ? मानूस बिमार असलं तं आपन काही घेऊनच जातो न."

"पण इतक्यांदा वर येता कशाला?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी फार बाळबोध प्रश्न विचारला होता. "मंग बोलू कोनासंग?" म्हणाल्या.

हे मी काकांना सांगणार नव्हते. पण त्या दिवशी ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं आणि काकांना उत्तर हवंच होतं. पान समोर ठेवून बसले होते. मी फक्त इतकं म्हटलं, की मावशी झाडाकडे जेव्हा जेव्हा जाते तेव्हा तेव्हा पाणी देते आणि खूपदा जाते.

काका बराच वेळ पान फिरवत राहिले. मग भिंतीला टेकले. निदान सापडलं की ते असेच टेकतात.

"जमिनीत दोष नाही," म्हणाले. "खताचंही नाही. मुळ्या बुडून राहिल्या. आन पानी ते झाडासाठी देतच नाही, पानी बहाना हाय. त्या बाईले घरात बोलाले कोनी नाही."

तेवढ्यात दारातून हात आला आणि ट्रे ठेवला.

"मावशीचे मिस्टर आहेत की," मी म्हटलं.

"असतीन. पन मानूस असनं अलग आन बोलनारा असनं अलग." काकांनी चहा उचलला. "तिले सांग, पानी बंद कर. आन तिच्या मानसाले सांग, बाईपाशी दोन घडी बसत जाय मना. नाही तं त्या घरात कोनतंही झाड लावा, असंच पिवळं पडन."

ट्रे ठेवलेला हात आत गेला नव्हता. काकू दारातच उभ्या होत्या, चौकटीला धरून. काकांनी चहा संपवला, कप मागे न बघता ट्रेमध्ये ठेवला आणि काकूंनी तो उचलला. मी घरी येऊन मशीनवर बसले आणि रागाच्या भरात एका चांगल्या गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला उजवी बाही डावीकडे लावली. इतकं कळणाऱ्या माणसाला इतकं कळू नये, याचा मला संताप आला होता आणि त्याच्यात रडूही होतं. ती बाही नंतर उसवायला फार त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेगावचे मोतीराम सोयाबीनचं रोपच मुळासकट घेऊन आले होते. काका त्यांच्याशी बोलत होते. केशरकाकू घरातून बाहेर आल्या, दोन पायऱ्या उतरल्या, वळसा घालून समोरच्या बाजूने ओट्याशी आल्या आणि शेतकरी बसतात त्या बाकड्यावर मोतीरामच्या शेजारी बसल्या. मोतीराम जरा सरकले. मी मशीन थांबवलं.

मोतीरामचं झालं. काका पुढच्याकडे वळले.

"चहा ठेव तथीसा," बाजूला बोट दाखवत म्हणाले.

"चहा नाही आनला," काकू म्हणाल्या. "पान आनलं."

त्यांनी हात पुढे केला. काकांनी सवयीने चष्मा सारखा केला. सवयीनेच विचारलं,

"वरचं का खालचं?"

"आता सारंच."

"पानी कोन देते?"

"मीच."

"आनखी कोन?"

"आनखी कोन हाय?" काकू म्हणाल्या.

काकांनी पानावरून नजर उचलली. काकू त्यांच्याकडे बघतच होत्या. हे दोघं एकमेकांकडे असं बघताना मी तरी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि माझी खिडकी चांगली मोठी आहे. काकांनी मग माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि त्यांना माझी मावशी कोण ते समजलं. मोतीरामनी आपलं सोयाबीन उचललं. "मी मंग येतो, साहेब," म्हणाले आणि गेले.

काकूंनी बोटाने वर दाखवलं. काका उठले आणि गच्चीकडे निघाले. काकूंना जिना चढायला हात हवा होता, म्हणून मी धावत गेले. नाही तरी गेलेच असते.

वर काका टाकीमागे उकिडवे बसले होते. त्यांनी बादली तिरकी केली, तर मातीवर पाणी तरंगत होतं. त्यात बोट घालून त्यांनी ते हुंगलं. शेजारचं पालथं घमेलं त्यांनी पाहिलं. घमेल्याचा मधला भाग बसून बसून चकचकीत झाला होता. त्याच्याकडे ते झाडापेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

"झाड वाचन काय?" काकूंनी विचारलं.

"नाही. मुळ्या सडल्या."

"मले वाटलंच."

"काय बोलत जाय याच्यासंग?"

काकू कठड्याला टेकल्या. "काय बोलनार? भाजी काय करू. प्रियदर्शनीची नाइट ड्युटी हाय. विहारात मले खुर्ची देतात. धम्मदीपचा आवाज थकल्यासारखा येते. तेच."

काका 'हूं' म्हणाले. मग त्यांनी झाडाच्या बुंध्याला धरून ओढलं. जोर लावावाच लागला नाही. झाड पाण्यातून काडी निघावी तसं वर आलं. त्यांनी मुळांचा चिखल झटकला आणि ते उजेडात धरलं.

"चला मंग," काकू म्हणाल्या. "लुगडं बदलून येतो. ठान्यात या लुगड्यावर नाही येत."

"ठान्यात कायले?"

"तुमीच मले नेसान न. कायदा हाय."

काकांनी हातातल्या झाडाकडे पाहिलं. सरळ माणसाची मला त्या क्षणी खरोखर दया आली. आंब्याच्या पेटीचा आणि साळ्याच्या आकड्याचा माणूस तो.

"मेलं हाय ते," शेवटी म्हणाले. "मेल्या झाडाचा काय पंचनामा करते पोलीस."

त्यांनी ते मोडलं, बादलीतल्या चिखलात पार खाली दाबलं आणि हात झटकले. मी श्वास सोडला. काकूंनी मात्र सोडला नाही. त्या बादलीकडे बघत उभ्या होत्या. ठाण्याची भीती कधी त्यांना नव्हतीच, असं मला तेव्हा वाटलं.

"मंग उद्यापासून मी वरी कायले येऊ?" त्यांनी विचारलं.

तक्रार नव्हती. खरंच विचारत होत्या, ओट्यावर शेतकरी विचारतात तसं. आणि जिल्ह्याच्या कुठल्याही पानाला उत्तर देणारा माणूस चिखलाने भरलेले हात पुढे धरून नुसता उभा राहिला. मला वाटलं आता हे काहीतरी झाडाचंच बोलतील, दुसरं रोप आणू म्हणतील. मी तर तयारच होते, बोलले असते तर मीही चार शब्द सुनावणार होते.

काका खाली बघून म्हणाले, "नोको येऊ वरी. गुडघे दुखते तुहे." मग जरा हळू म्हणाले, "मीच अंदर येत जाईन."